भावाला सपोर्टेड हाउसिंगमध्ये खोली मिळतेय, तो स्वतःच्या घरात कधी जाईल?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पावणेदोन वर्षं कधी रस्त्यावर कधी शेल्टरमध्ये काढल्यावर तुमच्या धाकट्या भावाला आता सपोर्टेड हाउसिंगमध्ये खोली मिळतेय, आणि तुम्ही विचारताय की तिथे नक्की करतात काय, किती महिन्यांत तो स्वतःच्या घरात जाऊन राहील, आणि खोली मिळाली म्हणजे काळजी मिटली असं समजायचं का. शेवटच्याचं उत्तर आधी देते. मिटली नाही, पण आता ती "आज रात्री कुठे असेल" ही काळजी राहिली नाही, वेगळी आहे, आणि हा बदल चांगलाच आहे. मी अशाच एका ठिकाणी नऊ वर्षं काम केलंय, पहिली दोन वर्षं नाइट ड्युटी आणि नंतर की-वर्कर म्हणून, त्यामुळे उत्तर लांबणार, चालवून घ्या.

शेल्टर आणि हे यात बरेच नातेवाईक गल्लत करतात. शेल्टरमध्ये रात्रीपुरता बेड मिळतो, बहुतेक ठिकाणी सकाळी सामान उचलून बाहेर पडावं लागतं, आणि शेजारच्या बेडवर कोण येणार हे काही आपल्या हातात नसतं. सपोर्टेड हाउसिंगमध्ये दाराला आतून कडी असते. झोपायची खोली त्याची, किल्ली त्याच्या खिशात, आणि त्याच्यासाठी नेमून दिलेलं एक माणूस, तोच की-वर्कर. काही ठिकाणी इमारतीत चोवीस तास स्टाफ असतो, काही ठिकाणी चार-पाच जण एका घरात राहतात आणि वर्कर आठवड्यातून दोनदा येऊन जातो, काही ठिकाणी माणूस स्वतःच्या फ्लॅटमध्येच असतो आणि मदत तिथे चालत येते. मुदत ठरलेली असेल तर ती साधारण सहा महिने ते दोन वर्षं. काहींना कायमचीच मदत लागते, आजार तसा असेल तर, आणि त्यात हरल्यासारखं काही नाही.

आता तिथे पहिल्या दिवसात काय होतं ते सांगते, कारण तुम्हाला वाटेल तो खोलीत गेल्या गेल्या बारा तास गाढ झोपेल. मला पण तसंच वाटायचं. नाइट ड्युटीच्या पहिल्याच वर्षी एक साठीचे गृहस्थ आले, बोलायला अगदी सभ्य, सकाळी गुड मॉर्निंग वगैरे. आठवडाभराने चादर बदलायला गेले तर चादरीच्या घड्या जशाच्या तशा, पॅकेटमधून काढून अंथरली होती तेव्हाच्या त्या चौकोनी रेषा सुद्धा मोडल्या नव्हत्या. ते बेडवर झोपतच नव्हते. दाराला पाठ लावून जमिनीवर, पायात बूट, बॅग चेन लावून हाताशी. मी शहाणपणा करून म्हटलं अहो बेड आहे की, तर माझ्या सीनियरने मला बाजूला घेऊन झापलं की तू गप्प बस, अकरा वर्षं ज्या माणसाचे बूट झोपेत चोरीला जायचे त्याला तू आठ दिवसांत बूट काढायला सांगतेस. पाचव्या आठवड्यात बूट दाराबाहेर दिसले. आमच्यात त्यांना नंतर "बूटवाले" असंच नाव पडलं, तोंडावर नाही अर्थात. तर भाऊ खोलीत लाइट चालू ठेवून झोपला, किंवा दोन रात्री जुन्या जागी जाऊन झोपला, तर "एवढं करून दिलं तरी" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका.

की-वर्करचं काम बाहेरून समुपदेशन वाटतं पण पहिले दोन-तीन महिने ते निव्वळ कागदांचं काम असतं. ओळखपत्र, बँक खातं, मिळू शकणारा भत्ता किंवा पेन्शन, डॉक्टरकडे नाव नोंदवणं, जुनी देणी. रस्त्यावर माणसाचे कागद आधी जातात, ओळखपत्र नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून भत्ता नाही, पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही. हे चक्र तोडायचं म्हणजे एका माणसाने पाठपुरावा करत राहायचं, दुसरा मार्ग नाही. एकाने माझ्यासमोर प्लास्टिकची पिशवी उलटी केली होती, चौतीस पाकिटं, एकही फोडलेलं नाही. आम्ही टेबलावर तीन ढीग केले, आत्ता, नंतर आणि रद्दी, आणि पाकीट फोडायचं त्यांनी, वाचायचं मी असं ठरलं. विसाव्या पाकिटात डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख निघाली, आठ महिन्यांपूर्वीची. ते म्हणाले मला वाटलं सगळी पत्रं वसुलीचीच असतात. त्या दिवशी आम्ही बाकीची चौदा नाही उघडली, पुरे झालं होतं. मग पुढच्या तीन मंगळवारी थोडी थोडी.

भाडं हा दुसरा विषय. बऱ्याच ठिकाणी भाड्याचा मोठा भाग सरकारी मदतीतून जातो आणि राहणाऱ्याला स्वतःच्या खिशातून एक छोटी रक्कम भरावी लागते. नातेवाईक म्हणतात एवढीशी रक्कम आम्हीच भरून टाकतो. नका भरू. ती रक्कम आमच्यासाठी पैशापेक्षा सवयीची असते, पैसे आले की आधी छप्पर मग बाकी. आणि ती थकली तर आम्हाला पहिल्या आठवड्यात कळतं की काहीतरी बिनसलंय. तुम्ही परस्पर भरत राहिलात तर तो इशारा बंद होतो, आणि कळतं तेव्हा कर्ज डोक्यावर गेलेलं असतं.

सपोर्ट प्लॅन नावाचा एक कागद असेल, त्यात भाऊ स्वतःला मार्क देईल. काही सेवा ताऱ्याचं चित्र वापरतात, पैसे, तब्येत, व्यसन, माणसं, वेळ कसा जातो, घर सांभाळणं असे दहा मुद्दे आणि प्रत्येकाला १ ते १०. गप्पा सुरू करायला ते चित्र छान आहे, पैसे देणाऱ्यांना रिपोर्ट म्हणून दाखवायला लागलं की त्याचा कचरा होतो, हे माझं वैयक्तिक मत. गंमत अशी की पहिल्या महिन्यात लोक स्वतःला सात-आठ देतात, मस्त चाललंय सगळं, आणि तिसऱ्या महिन्यात तोच माणूस चार देतो. वरचे साहेब विचारतात घसरण का झाली. अहो घसरण नाही, आता तो खरं बोलायला लागला.

तसा तिसरा महिना वाईटच असतो. कागदं झाली, डॉक्टर झाला, खोली लागली, आणि मग संध्याकाळचे साडेसहा वाजतात आणि करायला काहीच नसतं. रस्त्यावर दिवस संपत नाही इतकी कामं असतात हे लोकांना खरं वाटत नाही, कुठे जेवण मिळेल, कुठे अंघोळ, सामान कुठे ठेवू, कोण कुठे बसलंय, पोलीस कधी येतात. ते सगळं एकदम बंद होतं. आणि ज्यांच्याबरोबर ही सगळी उलाढाल व्हायची ती माणसं अजून तिथेच आहेत. म्हणून लोक परत जुन्या कोपऱ्यावर जातात, दारूसाठी जातात असं आपण धरून चालतो, पुष्कळदा नुसते गप्पांना जातात.

आता तुमचा मूळ प्रश्न, स्वतंत्र घर. या क्षेत्रात दोन विचार आहेत आणि तुम्ही ज्या सेवेशी बोलताय ती कुठल्या बाजूची आहे हे विचारून घ्या, कारण भावाचं पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. जुना विचार जिन्याचा, आधी शेल्टर, मग हॉस्टेल, मग शेअर घर, व्यसन सुटलं, औषधं नियमित झाली, वागणूक बरी राहिली की वरची पायरी, आणि सगळ्यात वर स्वतःचं घर. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. अडचण एवढीच की पाय घसरला की माणूस तळाला येतो आणि पहिले पाढे पंचावन्न. दुसरा विचार हाउसिंग फर्स्ट, आधी घर द्या, कायमचं, साध्या भाडेकरूसारख्या कराराने, आणि मदत त्या घरात पाठवा. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पाथवेज टू हाउसिंग ही संस्था काढून हे सुरू केलं, रस्त्यावरच्या गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांना थेट फ्लॅट, अटी जवळपास नाहीतच, उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं आणि ठरावीक भेटी. लोक त्याला वेड्यात काढत होते. पाच वर्षांचा हिशोब २००० साली छापून आला तेव्हा त्याचे ८८ टक्के लोक घरात टिकलेले होते आणि जिन्याच्या पद्धतीतले ४७ टक्के.

पुढे कॅनडाने २००९ ते २०१३ मध्ये पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांवर हे तपासून पाहिलं, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली, म्हणजे सोपी केस निवडली असं कुणी म्हणायला नको. शेवटच्या सहा महिन्यांत हाउसिंग फर्स्टवाले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते, दुसऱ्या, नेहमीच्याच सेवा मिळणाऱ्या गटातले ३१ टक्के. पण त्याच अभ्यासात व्यसन आणि मानसिक आजाराच्या लक्षणांत दोन्ही गट साधारण सारखेच सुधारले, घर दिलं म्हणून व्यसन जास्त सुटलं असं काही दिसलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण हाउसिंग फर्स्टचे भक्त ही ओळ खाऊन टाकतात. घराने बेघरपणा जातो, बाकीच्या गोष्टींना बाकीचे उपाय लागतात, पण ते उपाय करायला माणूस सापडायला तर हवा ना, त्याला पत्ता हवा. फिनलंडने २००८ पासून हेच धोरण देशभर नेलं, जुनी शेल्टर मोडून त्या जागी छोटी भाड्याची घरं केली. हेलसिंकीत २००८ मध्ये शेल्टर-हॉस्टेलच्या ५५८ जागा होत्या, २०१६ पर्यंत ५२ उरल्या.

पण भावाला जिना मिळाला काय किंवा थेट घर मिळालं काय, मी तुमच्या जागी असते तर एकच गोष्ट खोदून खोदून विचारली असती, की तुमची मदत खोलीला चिकटलेली आहे की माणसाला. म्हणजे त्याने ही खोली सोडली त्या दिवशी मदतही सुटते का. हे मी फार महागात शिकले. आमच्याकडचा एक पन्नाशीचा माणूस, चौदा महिने एकदम नीट, भाडं वेळेवर, व्यसन बंद, सगळे मार्क आठच्या वर, त्याला स्वतःचा फ्लॅट मिळाला. किल्ली हातात धरून फोटो काढला आम्ही, मी केवढी खुशीत होते. आमच्या नियमाप्रमाणे तो बाहेर पडला त्याच दिवशी फाइल बंद, कारण पैसे बेडमागे यायचे आणि बेडवर दुसरा माणूस आला होता. अकरा आठवड्यांनी तो मला बसस्टॉपवर भेटला, पाठीला सगळं सामान. फ्लॅट सोडून दिला होता. मी म्हटलं फोन का नाही केला. म्हणाला केला होता की, दोनदा, ऑफिसमधून सांगितलं तुमची केस आता आमच्याकडे नाही. बाकी विचारलं तर विजेचं बिल आलं ते कळलं नाही, मग दुसरं आलं, पण खरं कारण वेगळंच निघालं. म्हणाला, तिथे रात्री फार शांत असायचं हो. इमारतीत कुणीतरी खोकायचं, कुणीतरी जिन्यात भांडायचं, तुम्ही लोक फेरी मारायचात, इथे काहीच नाही.

त्याला आम्ही बिल भरणं, भांडी घासणं, करार वाचणं सगळं शिकवलं होतं, आणि ज्या आठवड्यात ते वापरायची वेळ आली त्याच आठवड्यात मागे कुणी नव्हतं. यावर उपाय नाही असं नाही, जुनाच आहे, क्रिटिकल टाइम इंटरव्हेन्शन म्हणतात. न्यूयॉर्कच्या एका शेल्टरमधून बाहेर पडणाऱ्या ९६ पुरुषांवर तो तपासला होता, १९९७ मध्ये निष्कर्ष छापले. ज्या वर्करला माणूस आधीपासून ओळखतो तोच घर बदलल्यावर नऊ महिने बरोबर राहतो. पहिले तीन महिने घरी जाऊन, पुढचे तीन महिने जरा लांबून बघत, शेवटचे तीन महिने डॉक्टर, शेजारी, भाऊ-बहीण यांच्या हातात हळूहळू सोपवत. दीड वर्षात ज्यांना ही साथ मिळाली ते सरासरी ३० रात्री बेघर होते आणि ज्यांना नेहमीची सेवा मिळाली ते ९१ रात्री. नऊ महिन्यांनी वर्कर निघून गेल्यावरही तो फरक पुसला गेला नाही, मला ह्याचंच जास्त कौतुक वाटतं.

तेव्हा तिथे पहिल्या मीटिंगला जाल तेव्हा (भावाला विचारून जा, त्याच्या पाठीमागे नको) साधे प्रश्न विचारा. बाहेर पडल्यावर कोण येणार आणि किती महिने. तो हॉस्पिटलमध्ये तीन आठवडे राहिला तर खोली ठेवता का. परत प्यायला लागला तर काय करता, हाकलता की भेटी वाढवता. सही करतोय तो करार भाडेकरूचा आहे की नुसता राहायच्या परवानगीचा, कारण दुसऱ्या प्रकारात नोटीस फार कमी दिवसांची असू शकते आणि सही करताना ते कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. एका वर्करकडे किती माणसं आहेत हेही विचारा, आकडा ऐकून चेहरा पाडू नका पण लक्षात ठेवा.

आणि तो कधी तयार आहे हे कसं ओळखायचं, तर स्वयंपाक येतो का, खोली आवरलेली आहे का, यावर मी फार जात नाही, घर असलेल्या कितीतरी लोकांना दोन्ही येत नाही. मी बघते की पाकीट तो स्वतः फोडतो का. बिलाची नोटीस व्हायच्या आधी फोन करतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दारात आलेल्याला नाही म्हणता येतं का. हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल पण स्वतःचं घर जाण्याचं एक मोठं कारण पाहुणे असतात. रस्त्यावरचे मित्र, ज्यांनी कधीकाळी याला पांघरूण दिलेलं असतं, ते एक रात्र झोपायला येतात, मग दोन, मग चौघं, मग आवाज, मग शेजाऱ्यांची तक्रार, आणि काही वेळा फ्लॅटचा ताबाच दुसऱ्याकडे जातो आणि हा स्वतःच्या घरात कोपऱ्यात बसलेला असतो. उपकाराची जाण असलेला माणूस इथे जास्त अडकतो. आम्ही याची चक्क प्रॅक्टिस घ्यायचो, मी दाराबाहेर उभी राहून गयावया करायची आणि त्याने आतून नाही म्हणायचं. पहिल्यांदा सगळे हसतात, मग जमत नाही हे लक्षात येतं.

तुम्ही बहीण म्हणून काय करायचं तर एक ठरलेला वार धरा आणि त्या वारी फोन करा, दहा मिनिटं, चौकशी कमी आणि इकडचं तिकडचं जास्त. संध्याकाळी केला तर उत्तम, साडेसहाचं लिहिलंच वर. खोली सजवायला जाऊ नका, काय हवं ते त्याला सांगू दे, नाहीतर ती तुमची खोली होते. दुसरी किल्ली मागू नका. आणि कधीतरी तो म्हणेल की ये माझ्याकडे, तेव्हा बाकीची कामं टाकून जा, तो तुम्हाला बसायला खुर्ची देईल आणि स्वतः बेडच्या कडेवर बसेल, तर बसा निवांत त्या खुर्चीवर.

किती महिने याचं नेमकं उत्तर माझ्याकडून हवंच असेल तर मी पहिलं वर्ष धरून चालेन, कमी लागलं तर आनंद. आमच्या बूटवाल्यांना सव्वादोन वर्षं लागली. त्यांच्या वेळेपर्यंत आमच्याकडे घर बदलल्यावरही भेटी चालू ठेवायची सोय झाली होती, म्हणून मी दर गुरुवारी त्यांच्या नव्या घरी जायचे. चौथ्या की पाचव्या महिन्यात एकदा बेल वाजवली, आत टीव्हीचा आवाज, दाराच्या भोकातून कुणीतरी बघितल्याचं जाणवलं, आणि दार न उघडता आतून आवाज आला, "मॅडम, आज नको, मॅच चालू आहे, उद्या या." मी खाली येऊन रजिस्टरमध्ये लिहिलं, भेट झाली नाही, तब्येत उत्तम.